गणेशखिंडीतली पहिली खुर्ची

पुणे विद्यापीठात कुणी ‘जयकर ग्रंथालयात जातो’ म्हणत नाही. ‘जयकरला बसतो’ म्हणतात. सकाळी लवकर येऊन जागा धरायची, पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि गाईडांची चळत, दुपारी झाडाखाली चहा, मग पुन्हा जयकर. नाव माणसाचे होते, आता ते एका पत्त्याचे झाले आहे. काही वर्षांपूर्वी वाचनकक्षाबाहेरच्या कट्ट्यावर एक मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीच्या स्पर्धा परीक्षेचा प्रश्नसंच सोडवत बसला होता. प्रश्न होता: १९२७ च्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष कोण? त्याने ‘जयकर’ या पर्यायावर पेन्सिलीने खूण केली आणि पान उलटले. मी विचारले, “हे जयकर कोण रे?” तो म्हणाला, “रस्तेवाले, सर.” “आणि हे?” मी मागच्या इमारतीकडे बोट दाखवले. तो हसला. “हे वेगळे असतील. ग्रंथालयवाले.”

संस्थेचा इतिहास म्हटले की आपल्या स्मरणिकांत कायद्याचा क्रमांक, एकरांचा आकडा, कुलगुरूंची यादी आणि शेवटी आभार असा ठरलेला क्रम असतो. यादीतले पहिले नाव बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, १९४८ ते १९५६. वाचणारा तिथे थांबत नाही. मी थांबलो, याला कारण आहे. या गृहस्थांनी आयुष्यात अनेक मोठ्या खुर्च्या भूषवल्या आणि त्यातल्या बहुतेक फार काळ न बसता सोडल्या. प्रांतिक कौन्सिल सोडले, पक्ष सोडला, दिल्लीतले न्यायासन सोडले, लंडनमधले सोडले, घटना समितीही सोडली. एक गणेशखिंडीतली कुलगुरूपदाची खुर्ची तेवढी त्यांनी आठ वर्षे सांभाळली, आणि तीही पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर हाती घेऊन. म्हणून या संस्थेच्या पहिल्या दिवसांबद्दल लिहायचे तर आधी त्या सोडलेल्या खुर्च्यांकडे बघायला हवे.

जन्म १३ नोव्हेंबर १८७३, मुंबईचा. घराणे पाठारे प्रभूंचे. १९०५ साली लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात वकिली. राष्ट्रीय राजकारणात त्यांचे नाव पुढे आले ते जालियनवाला बागेनंतर. पंजाबातल्या अत्याचारांची चौकशी करायला काँग्रेसने स्वतःची समिती नेमली. मोतीलाल नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष झाल्यामुळे त्यांनी समितीतली जागा सोडली आणि तिथे जयकर आले. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर. सतराशेहून अधिक जबान्या तपासून त्यांतल्या साडेसहाशेच्या आसपास छापायला निवडल्या गेल्या. जबानीतले खरे-खोटे पारखायचे हे काम वकिलाचे, आणि त्यात जयकर मुरलेले होते. गंमत अशी की खुर्च्या सोडण्यासाठी पुढे प्रसिद्ध झालेला हा माणूस आला तो दुसऱ्याने सोडलेल्या खुर्चीवर.

१९२३ साली स्वराज्य पक्षाचे लोक कौन्सिलांत शिरले, सरकारची आतून कोंडी करायची म्हणून. मुंबईच्या कौन्सिलात त्यांचे नेते जयकर. पण नुसती अडवणूक किती दिवस करायची, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या टिळकांच्या अनुयायांना आधीपासूनच बोचत होता. ‘प्रतियोगी सहकारिता’ हा टिळकांनीच दिलेला शब्द: सरकार जितके देईल तितके घ्यावे, जितके अडवेल तितके भांडावे. १९२५ साली मध्यप्रांतात स्वराज्य पक्षाच्याच श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारी कार्यकारी मंडळात जागा घेतली आणि स्फोट झाला. मोतीलालजी चिडले, त्यांच्यावर महाराष्ट्रीय मंडळी त्याहून चिडली. नरसिंह चिंतामण केळकर, डॉ. मुंजे आणि जयकर बाहेर पडले; जयकरांनी कौन्सिलचीही जागा सोडली. १९२६ च्या आरंभी अकोल्यात प्रतिसहकार पक्ष उभा राहिला. त्या पक्षाचे पुढे फारसे काही झाले नाही आणि या लेखातही त्याला इतकीच जागा पुरे.

त्याच वर्षी जयकर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि तिथून १९२७ साली त्या मुलाच्या प्रश्नसंचातली समिती त्यांच्याकडे आली. मोटारी वाढल्या होत्या, बैलगाड्यांसाठी घातलेली खडी त्यांच्या चाकांखाली उखडत होती. रस्ते प्रांतांचे आणि जिल्हा बोर्डांचे, आणि तिजोऱ्या दोघांच्याही रिकाम्या. समितीने १९२८ मध्ये सांगितले, की मोठ्या रस्त्यांचा विकास हा साऱ्या देशाचा प्रश्न आहे, एकट्या प्रांताला तो झेपणार नाही. पैसा उभा करायला पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो रस्त्यांसाठीच राखून ठेवा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे जादा पडू लागले आणि रस्त्यांचा स्वतंत्र निधी सुरू झाला. तंत्रज्ञांनी एकत्र बसावे म्हणून सुचवलेली संस्था १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ म्हणून उभी राहिली. रस्त्याची रुंदी, वळण, चढ यांची मानके आजही तीच ठरवते. (आपल्या विद्यापीठ चौकात उड्डाणपूल बांधला गेला, २०२० मध्ये पाडला गेला आणि मधल्या काळात वाहने जागची हलली नाहीत, याचा दोष मात्र या समितीकडे जात नाही.)

पेट्रोलने त्यांची पाठ पुढेही सोडली नाही. १ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झाले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सोबत सर शहा मुहम्मद सुलेमान आणि जयकर. असे तिघेच न्यायाधीश. त्यांच्यापुढे आलेले पहिले मोठे प्रकरण नागपूरहून आले होते. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसवला होता. दिल्लीचे म्हणणे, हा नावाला विक्रीकर, खरा एक्साइज. तो लावायचा हक्क आमचा. प्रांताचे म्हणणे, दुकानात विक्री होताना घेतो तो विक्रीकर, आणि विक्रीकर कायद्याने आमच्या यादीत आहे. १९३८ च्या अखेरीस तिघांनीही प्रांताच्या बाजूने मत दिले, प्रत्येकाने आपापली कारणे स्वतंत्र लिहून. दहा वर्षांपूर्वी पेट्रोलवरच्या कराचा पैसा दिल्लीच्या हाती द्या म्हणणारे जयकर इथे प्रांताला त्याच पेट्रोलवर कर लावू देत होते. यात विसंगती शोधणाऱ्याने शोधावी. मला दिसते ते इतकेच, की समितीत बसल्यावर देशाला काय हवे ते सांगायचे आणि न्यायासनावर बसल्यावर कायद्यात काय लिहिले आहे ते, हा फरक त्यांना नीट कळत होता. केंद्र आणि राज्य यांच्या करांच्या भांडणात पुढची कित्येक वर्षे वकील या निकालाचा हवाला देत राहिले.

फेडरल कोर्टात ते जेमतेम सव्वा वर्ष राहिले. १९३९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले, म्हणजे साम्राज्यातल्या शेवटच्या अपिलाच्या पायरीवर. दोनेक वर्षांत तेही सोडून परत आले.

न्यायाधीशपदाच्या आधीचा एक काळ मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण तो पुण्यातला आहे. मिठाच्या सत्याग्रहानंतर १९३० च्या जुलैमध्ये सर तेजबहादूर सप्रू आणि जयकर या दोघांनी व्हाइसरॉय आयर्विन आणि तुरुंगातली काँग्रेस यांच्यात तडजोड घडवण्याचा उद्योग सुरू केला. एक अलाहाबादचा, एक मुंबईचा. दोघेही वकील, दोघांनाही सरकारदरबारी दार उघडे आणि दोघांनाही गांधीजी दाराशी थांबवत नसत. येरवड्याला जायचे, गांधीजींचे म्हणणे घ्यायचे, नैनीच्या तुरुंगात नेहरू पितापुत्रांना ते दाखवायचे, पुन्हा येरवडा. शेवटी मोतीलाल आणि जवाहरलाल यांना खास गाडीने पुण्याला आणले. ऑगस्टच्या मध्याला येरवडा तुरुंगात बैठका झाल्या: गांधीजी, दोघे नेहरू, वल्लभभाई, सरोजिनी नायडू, सय्यद महमूद, जयरामदास दौलतराम आणि समोर हे दोन मध्यस्थ. एका बाजूला सगळे कैदी आणि दुसऱ्या बाजूला दोघे मोकळे, तरी अटी घालत होते ते कैदी. त्या अटी आयर्विनना मानवल्या नाहीत आणि बोलणी फिसकटली. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यात असे. म्हणजे शहराच्या एका टोकाला येरवडा आणि दुसऱ्या टोकाला गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाउस, आणि हे दोघे जो सांधा जुळवायला धडपडत होते, त्याची दोन टोके याच गावात होती.

फिसकटले तरी वाया गेले नाही. जयकर गोलमेज परिषदेला गेले, परत आले, आणि ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारामागे सप्रू, श्रीनिवास शास्त्री आणि जयकर यांची धावपळ होती. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला, पुन्हा येरवड्यातच, डॉ. आंबेडकरांच्या सहीच्या त्या कागदावर सप्रूंची आणि जयकरांचीही सही आहे.

पण स्मरणिका आहे म्हणून नुसती आरती ओवाळणे बरे नव्हे. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याला सर्वपक्षीय परिषद भरली, तेव्हा जीनांनी नेहरू अहवालात दुरुस्त्या मागितल्या; मध्यवर्ती कायदेमंडळात मुसलमानांना एक तृतीयांश जागा ही त्यातली ठळक. सप्रू म्हणाले, देऊन टाका आणि मोकळे व्हा. विरोधात उभे राहिले जयकर. मागणी फेटाळली गेली. पुढे ज्यांच्यासोबत ते आयुष्यभर समेट करत हिंडले, त्या सप्रूंच्या विरुद्ध त्या दिवशी ते होते. फाळणीचा सगळा भार त्या एका भाषणावर टाकणे हा इतिहासाचा पोरखेळ होईल. पण मध्यस्थ जयकरांचे चरित्र लिहिताना हा प्रसंग गाळणेही खरे नाही.

आता शेवटची सोडलेली खुर्ची. ९ डिसेंबर १९४६ ला घटना समिती बसली. १३ तारखेला जवाहरलालजींनी उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि १६ तारखेला जयकरांनी दुरुस्ती सुचवली: मुस्लिम लीग आणि संस्थानिक आलेले नाहीत, ते येईपर्यंत ठराव मंजूर करू नये. सभागृहाला ते मुळीच रुचले नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी अनपेक्षितपणे डॉ. आंबेडकरांना बोलायला उभे केले आणि त्यांच्या गाजलेल्या भाषणात जयकरांच्या मुद्द्याची बाजू आली. ठराव लांबला, २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग आली नाहीच. त्यानंतर काही काळाने जयकर समितीतून बाहेर पडले.

इथून पुढची गोष्ट महाराष्ट्रात नीट सांगितली जात नाही. फाळणीत बंगालचे तुकडे झाले आणि आंबेडकरांची तिथली जागा गेली. ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना लिहिले, की आंबेडकरांना ताबडतोब निवडून द्या. जागा रिकामी होती ती जयकरांची. जुलैमध्ये आंबेडकर तिच्यावर निवडून आले आणि ऑगस्टच्या अखेरीस मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. जयकरांच्या सोडलेल्या खुर्च्यांत देशाला सर्वांत जास्त उपयोगी पडली ती ही. आणि ती भरणाऱ्या खेरांनीच, वर्षभराने, जयकरांना त्यांची शेवटची खुर्ची दिली.

या शेवटच्या खुर्चीचा आराखडाही जयकरांनीच आधी करून ठेवला होता. पुण्याची महाविद्यालये तोवर मुंबई विद्यापीठाला जोडलेली. फर्ग्युसन १८८५ चे, स. प. १९१६ चे, परीक्षा घेणारी आणि पदवी देणारी मुंबई. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे, या मागणीचा विचार करायला सरकारने १९४२ साली समिती नेमली, तिचे अध्यक्ष जयकर. १९४३ मध्ये अहवाल आला: विद्यापीठ व्हावे आणि ते पुण्यात व्हावे. युद्ध चालू, पुढारी तुरुंगात; अहवाल पडून राहिला. १९४६ ला खेर परत सत्तेवर आले, १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचा कायदा झाला आणि ज्याने आराखडा काढला त्यालाच घर बांधायला सांगितले.

१० फेब्रुवारी १९४९ ही विद्यापीठाची स्थापना-तारीख. सुरुवातीला बसायला जागा नव्हती. कचेरी थाटली ती भांडारकर संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसमध्ये, म्हणजे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या शेजारी, हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या अतिथिगृहात. हैदराबादची पोलीस कारवाई होऊन जेमतेम पाच महिने झालेले. तरी पाटीवर निजामाचे नाव आणि आत नव्या मराठी मुलखाच्या विद्यापीठाचे टेबल, यात पुण्याला काही वावगे वाटल्याचे दिसत नाही. १ जून १९४९ पर्यंत कारभार तिथून चालला.

मग गणेशखिंड. चारशेहून अधिक एकरांचे आवार आणि मधोमध गव्हर्नमेंट हाउस. बार्टल फ्रियरच्या काळात १८६४ ला काम निघाले, १८७१ ला पुरे झाले. मुंबईच्या गव्हर्नराने पावसाळा काढायचे हे घर. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठीचा समारंभ इथेच झाला आणि इथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुणेकरांना ही वास्तू आतून ठाऊक नव्हती; फाटकाबाहेरचा रस्ता मात्र पुरता ठाऊक होता. खेरांनी हे घर विद्यापीठाला मिळावे म्हणून जातीने लक्ष घातले. जिथे येण्याचे निमंत्रण आयुष्यभर सरकारकडून यावे लागत होते, तिथे आता जयकर यजमान झाले. राजभवन आजही शेजारीच आहे, मध्ये फक्त भिंत.

पहिल्या वर्षी संलग्न महाविद्यालये १८, विद्यार्थी ८,००० च्या वर, मुलूख १२ जिल्ह्यांचा. आजच्या आकड्यांपुढे हे चिमूटभर वाटेल, पण त्या १८ महाविद्यालयांचे मालक कोण होते ते पाहावे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, शिक्षण प्रसारक मंडळी १८८८ ची. प्रत्येक संस्थेला स्वतःचा अभिमान, स्वतःचे आजीव सदस्य, स्वतःचा जमाखर्च. शिवाय संशोधनाच्या संस्था: भांडारकर, डेक्कन कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूट, भारत इतिहास संशोधक मंडळ. विद्यापीठापेक्षा वयाने आणि कीर्तीने मोठ्या असलेल्या या संस्थांना विद्यापीठाच्या छत्राखाली आणायचे होते, पण ‘छत्राखाली’ हा शब्द त्यांच्यापुढे चुकूनही उच्चारून चालणार नव्हते. अशा जागी हुकूम देणारा कुलगुरू महिनाभर टिकला नसता. इथे लागत होता दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारा, कागदावर दोघांना सही करता येईल असे वाक्य शोधणारा माणूस. राजकारणात अशा माणसाला दोन्हीकडून शिव्या बसतात. विद्यापीठात तोच माणूस उपयोगी पडतो, कारण सिनेटमध्ये कुणी कुणाला तुरुंगात टाकू शकत नाही. जयकर इथे का रमले, याचे मला सुचलेले उत्तर हे.

महाविद्यालये शिकवणार, विद्यापीठ परीक्षा घेणार, ही मुंबईची जुनी रीत; तिच्या जोडीला इथे विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग सुरू झाले. संस्कृतचा विभाग रा. ना. दांडेकरांकडे गेला, जे भांडारकर संस्थेचेही चिटणीस होते. एकाच माणसाच्या दोन टोप्यांतून दोन संस्थांचे नाते बांधायची ही पद्धत पुण्यात पुढे फार चालली. १९५० साली ग्रंथालय सुरू झाले, त्यालाच पुढे जयकरांचे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि गणेशखिंडीच्या माळावर शेजार मिळाला.

१९५६ मध्ये जयकर पायउतार झाले, वय ८२. त्यांच्या जागी आले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, वय ८०. दोघांची जोडी पाहण्यासारखी: परांजपे १९२१ च्या सुधारणांत मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री होऊन सरकारात बसले, जयकर १९२३ ला त्याच कौन्सिलात सरकारची अडवणूक करायला शिरले, परांजपे कडवे बुद्धिवादी, जयकर वेदान्ताचे अभ्यासक. परांजपे ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनरही होते. प्रांतिक राजकारण, न्यायासन, परदेशातली वकिलात असे मुक्काम करून माणसे गणेशखिंडीला यायची, हा पायंडा पुढेही टिकला. काकासाहेब गाडगीळ पंजाबचे राज्यपालपद उरकून १९६४ मध्ये आले, हरिभाऊ पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपालपद उरकून १९६७ मध्ये. अधूनमधून दत्तो वामन पोतदारांसारखे निखळ विद्वानही होऊन गेले. पुढे मुलूख आटत गेला: १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. त्यांची भिडे वाड्यातली शाळा १८४८ ची आणि आपला कायदा १९४८ चा.

निवृत्तीनंतर जयकर आत्मचरित्राला बसले. १० मार्च १९५९ ला मुंबईत ते गेले तोवर ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’चे दोनच खंड लिहून झाले होते. त्यात बालपण आहे, हायकोर्ट आहे, पंजाबची चौकशी आहे, कौन्सिल आहे. येरवड्याच्या बैठका, फेडरल कोर्ट, घटना समिती, गणेशखिंड यांतले काही नाही. दुसरा खंड १९२५ पाशी येऊन थांबतो, म्हणजे त्यांनी पहिली खुर्ची सोडली तिथे.